आधी सही, मग दृष्टी

हॉलबाहेर सकाळी आठपासून रांग लागायची आणि दाराशी ठेवलेली मोठी टोपली दुपारपर्यंत चष्म्यांनी भरायची. काळ्या काड्यांचे, सोनेरी काड्यांचे, एका काडीऐवजी दोरा बांधलेले. सत्तरीच्या आजीबाई चष्मा टोपलीत टाकून आत जायच्या, दृष्टी देतो म्हणणारे बाबा त्यांच्या डोळ्यासमोर तांब्याची चकती धरायचे, आणि आजीबाई वर्तमानपत्रातल्या बारीक टायपातल्या जाहिराती घडाघडा वाचून दाखवायच्या. टाळ्यांनी हॉल दणाणून जायचा. मागच्या भिंतीवर प्लास्टिकमध्ये घातलेली साडेतीनशे प्रतिज्ञापत्रं, आणि त्यावर पाटी: 'आजवर एकही तक्रार नाही.'

त्यातली निम्मी मी टाइप केली होती. एरवी माझं टेबल कोर्टाच्या आवारात, जिन्याखाली. वीस वर्षं लोकांच्या शपथा टाइप करते आहे. बाबांच्या माणसांनी मला दाराशी आणून बसवलं, कारण तिथला नियमच तसा होता. आधी प्रतिज्ञापत्र, मग चकती. 'माझी दृष्टी पूर्ण बरी झाली आहे' असं शपथेवर लिहून द्यायचं, खाली घरच्या एका माणसाने 'हे मी समक्ष पाहिले' म्हणून सही करायची, कोपऱ्यातले नोटरी शिक्का मारायचे आणि मगच आत सोडायचे.

"मी कुणाला बरं करत नाही," बाबा म्हणायचे. "तुम्ही आधी कागदावर बरे व्हा. डोळे काय, मागून येतात."

डोळे मागून येतात म्हणे. मला हसू यायचं. संध्याकाळी घरी मी बाबांची नक्कल करून दाखवायचे. पण दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा दाराशी. माझा काय संबंध, मी नुसती टाइप करते, असं मी स्वतःला सांगत होते. ते सोयीचं होतं.

एका मंगळवारी मान वर न करता मी पुढच्या माणसाला नाव विचारलं. उत्तर येईना म्हणून पाहिलं, तर समोर आमचे हे उभे.

हे शाळेची बस चालवतात. अंधूक दिसतं हे त्यांनी माझ्यापासून लपवलं होतं. बसच्या मालकाने डोळे तपासून आणा म्हणून सहा महिने तगादा लावला होता, आणि तपासलं की चाकावरून उठवतील म्हणून हे टाळत होते. शेवटी मालकच म्हणाला की बाबांचं प्रतिज्ञापत्र आणलं तरी चालेल. त्याची आईही चष्मा टाकून आली होती.

"कर ना सही," हे हळूच म्हणाले. "मागे लोक थांबलेत."

मी सही केली. समक्ष पाहिले. पाहण्यासारखं अजून काही घडलंच नव्हतं.

आत ह्यांनी चकतीतून अख्खी बातमी वाचली आणि ते रडले. नंतर बाबांनी दिलेली चकती दोऱ्यात ओवून गळ्यात घातली. चौथ्या दिवशी त्यांनी चहा कपाच्या शेजारी ओतला. आठव्या दिवशी दुपारीच घरी आले, चेहरा पांढराफटक. थांब्यावर एक मुलगी बाजूने चालत पुढे आली होती. मागच्या मुलांनी ओरडा केला म्हणून ब्रेक लागला. ती दिसलीच नाही, असं ते म्हणाले, आणि लगेच पुढे म्हणाले की चकती नीट धरली नसेल.

मी नणंदेला बोलावलं. ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. तिने चकती उजेडात धरली. मधोमध मोहरीहूनही बारीक भोक होतं. तिने पर्समधून आपलं कार्ड काढलं, सुईने टोचलं, भावाच्या डोळ्यापुढे धरलं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट दाखवलं.

"वाच, दादा."

ह्यांनी वाचलं. अडखळलेसुद्धा नाहीत. मग कार्ड त्यांनाच डोळ्याशी धरायला लावून ती त्यांच्या डाव्या खांद्याशी गेली आणि पंजा पसरून धरला.

"किती बोटं?"

"कसली बोटं?" हे म्हणाले.

तिने समजावून सांगितलं. डोळ्यात सगळीकडून किरण शिरतात, ते नीट एकत्र आले नाहीत की अक्षर विस्कटतं. बारीक भोकातून थोडेच, सरळ येणारे किरण आत जातात आणि अक्षर उठून दिसतं. तिच्या दुकानात नंबर काढायच्या पेटीत अशी चकती असतेच. डोळा आहे तसाच राहतो, आणि आजूबाजूचं सगळं झाकलं जातं. दादाच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू दिसतोय, ऑपरेशन केलं की चांगलं दिसेल, पण तोवर चाकाला हात लावायचा नाही.

हे मान हलवत ऐकत होते. मग म्हणाले, "शपथेवर लिहून दिलंय. आता नाही म्हटलं तर आत टाकतील. शनिवारपर्यंत रजा टाकलीय, पण सोमवारी गाडी काढावीच लागेल."

रोज चाळीस मुलं त्या बसमध्ये चढतात, आणि ती माझ्या सहीवर चढत होती.

दुसऱ्या दिवशी कोर्टात शेजारच्या टेबलावरच्या म्हाताऱ्या वकिलांना विचारलं. त्यांनी पान बाजूला सारलं आणि शाळेत शिकवावं तसं सांगितलं. चुकीचं विधान आणि खोटं विधान एक नव्हे. खरं मानून लिहिलं आणि चुकलं, ती चूक. खोटं आहे हे माहीत असताना, किंवा खरं आहे असं मनात नसताना शपथेवर लिहिलं, तो गुन्हा. त्याला तुरुंग आहे. आणि दुसऱ्याकडून तसं लिहून घेणाराही सुटत नाही.

"तुमचे यजमान कदाचित सुटतील," ते म्हणाले. "त्यांचा भरवसा होता. तुमचा होता का?"

मी नाही म्हटलं. सही मागे घेतली तर, असंही विचारलं.

"गुन्हा पुसला जात नाही. पण पकडल्यावर घेतली की आधी, हे न्यायाधीश जरूर विचारतात."

म्हणजे आमच्या घरात अडकली होती ती मीच. वीस वर्षं दुसऱ्यांच्या नावापुढे टाइप केलेलं 'खोटे आढळल्यास शिक्षेस पात्र' आता माझ्या नावापुढे होतं. गप्प बसले तर कोणाला कळणार नव्हतं. दोन दिवस मी तोच विचार करत होते, याची मला लाज वाटते.

रविवारी नणंद हॉलमध्ये उभी राहिली. तिने पन्नास कार्डं टोचून आणली होती, ती रांगेत वाटली. सगळा हॉल वाचू लागला. कुणी भिंतीवरची पाटी, कुणी शेजाऱ्याच्या हातातलं बसचं तिकीट. आधी हशा, मग कुजबुज. बाबांचा धंदा बसला असं मला वाटलं.

बाबा शांतपणे उठले.

"ज्यांचे डोळे बरे झाले नाहीत त्यांनी पुढे यावं," ते भिंतीकडे हात करून म्हणाले. "तुमची शपथ इथे टांगलेली आहे. खोट्या शपथेला काय होतं, माहीत आहे ना?"

सगळ्यांच्या तोंडाला कुलूप लागलं. माणसं एकमेकांकडे बघेनात. तेव्हा मला तो खरा चमत्कार कळला. चकतीत भोकाशिवाय काही नव्हतं. पेच होता कागदात. आधी खोटं लिहून घ्यायचं, आणि मग त्याच खोट्याने माणसाला बांधून ठेवायचं. एकही तक्रार नाही, ती अशी.

मी दाराशी टाइपरायटरपुढच्या खुर्चीवरून उठले.

"तिसऱ्या ओळीत माझ्या नवऱ्याचा कागद आहे," मी म्हणाले. "साक्षीदार मी. मी काही पाहिलं नव्हतं. इथे सगळ्यांच्या सह्या चकतीच्या आधी घेतल्या आहेत, त्यातल्या निम्म्या कागदांवर तारीख आणि वेळ मीच टाइप केली आहे."

बाबा काहीतरी बोलत होते, पण हे माझ्याशेजारी येऊन उभे राहिले आणि त्यांनी गळ्यातली चकती काढून टोपलीत टाकली. मग दोरा बांधलेल्या चष्म्याच्या आजीबाई आल्या. संध्याकाळपर्यंत अकरा जण झाले. सोमवारी सकाळी मी जिन्याखाली बसून पहिल्यांदा माझंच निवेदन टाइप केलं. बस दुसऱ्या ड्रायव्हरने काढली.

बाबांवर आता फसवणुकीचा आणि खोटी प्रतिज्ञापत्रं करून घेतल्याचा खटला आहे. माझ्यावरही आहे. टायपिंगचा परवाना गेला. तारखेला मी आरोपींच्या बाकावर बसते आणि काय होईल ते मला माहीत नाही. ह्यांच्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं. परवा त्यांनी माझं निवेदन खिडकीशी उभं राहून, चष्म्याशिवाय, मोठ्याने वाचलं. 'मी काहीही पाहिले नव्हते' या ओळीशी थांबले आणि पुढचं त्यांना वाचवेना.

तुम्हाला उद्या कुणी चमत्कार दाखवला तर एक कार्ड आणि एक सुई घ्या, स्वतः करून बघा. आणि कुणी कागद पुढे केला तर मागची रांग थांबू द्या. हे मी पाहिलं का, एवढं स्वतःला विचारा. पाहिलं नसेल तर सही करू नका. केली असेल, तर आजच जाऊन तसं सांगा.