थोरल्या घराची घंटी

धर्माजींच्या घरातला फोन मळ्यातल्या तिन्ही घरांचा होता. तो आला तेव्हा तिघा भावांची चूल एक होती. पुढे चुली वेगळ्या झाल्या, अर्ध्या शिवारात कंपन्यांची कुंपणं आली, पण फोनचा नंबर एकच राहिला. कोंडाजी आणि मारुतराव या धाकट्या भावांनी वेगळी घरं बांधली, तेव्हा धर्माजींनी स्वतः खांब रोवून, तार ओढून दोघांकडे एकेक फोन बसवून दिला. फोन आला की तिन्हीकडे वाजायचा. रिवाज ठरलेला होता. पहिल्या तीन रिंगा थोरल्या घराच्या. तिथं कुणी उचलला नाही, तरच धाकट्यांनी हात लावायचा.

यंदा टेलिफोनवाल्यांनी जुनी तांब्याची लाइन बंद करायला घेतली. नंबर तोच राहील, फोन मात्र इंटरनेटवरून चालेल, असं सांगून त्यांच्या माणसाने ओसरीवर मॉडेम बसवला, त्याला एक फोन जोडून दाखवला आणि तो पुढच्या घरी गेला.

"बरंच झालं की," कोंडाजी म्हणाला. "खिशाखिशात मोबाइल हाय. आता ज्याचं त्यानं बघावं, दादा. मी माझं कनेक्शन वेगळं घेतो."

जमीन वाटून घेतानाही धर्माजींना इतकं लागलं नव्हतं. तिघांचं म्हणून हा नंबर तेवढा उरला होता.

त्यांची सून अनिता चाकणच्या एका कंपनीत गाड्यांचं वायरिंग जोडायच्या लाइनवर काम करायची. तिने मॉडेम मागून-पुढून पाहिला.

"मामा, याच्यातून फोन लागतोय ना? मग तो आपल्याच जुन्या तारेत सोडायचा. तार तर तिन्ही घरांत फिरलीच हाय."

"जमंल?"

"जमायला काय झालं? फक्त बाहेरून येणारी लाइन आधी तोडायची. दोन्ही एकत्र आल्या तर मॉडेम जायचा."

रविवारी तिने भिंतीवरच्या डबीतून बाहेरची तार सोडवली, टोकांना टेप गुंडाळली आणि मॉडेमची तार घरातल्या तारेला जोडली. तिन्ही घरांत फोन उचलून पाहिले. आवाज खणखणीत येत होता. मग तिने मोबाइलवरून घरचा नंबर लावला. तिन्हीकडे घंटी नुसती कुरकुरली.

"दादा, कोंबडी खुडूक बसलीय जणू," कोंडाजी बांधावरून म्हणाला. मारुतराव हसले.

अनिताने आळीपाळीने एकेक फोन काढून पाहिला. कुठलाही एक काढला की उरलेले दोन कडकडीत वाजायचे. ती सासऱ्यांपुढे येऊन उभी राहिली.

"सांग की, पोरी."

"मॉडेमला दोनच घंट्या पेलतात, मामा. एका फोनची घंटी आतून सोडवावी लागंल. त्याच्यावरून बोलता येईल, ऐकू येईल, पण तो वाजणार न्हाई."

"आमचीच काढा," कोंडाजी म्हणाला. "न्हाईतरी मी वेगळाच व्हतोय."

"थोरल्या घरची काढ," धर्माजी म्हणाले.

गवराबाई दारातूनच नवऱ्याला म्हणाल्या, "अवो, मग पहिल्या तीन रिंगा?"

"ज्याला ऐकू येईल त्यानं उचलायचा. माझा असला तर हाक मारा. हाकंच्या टप्प्यात तर हाय आपण."

कोंडाजी घराकडे वळला. अनिताने पेचकस हातात घेतला.

संध्याकाळी धर्माजी ओसरीवर बसले असताना कोंडाजीच्या घरातून घंटी स्पष्ट ऐकू आली. त्याच वेळी मारुतरावांच्या अंगणातूनही. मग दोन्ही एकदम थांबल्या. आपला तर नसेल, म्हणून धर्माजींनी रिसिव्हर कानाला लावला. पलीकडे कोंडाजीचा जावई बोलत होता.

"मामा, नवा नंबर देणार होता ना?"

"नवा कशाला, जावईबापू? हाच ऱ्हाणार. आमच्या सूनबाईनं तिन्ही घरं जोडलीत. मॉडेम एक, फोन तीन. या एकदा बघायला." कोंडाजी थांबला. "आन् दादा, ठेवा आता. तुमचा श्वास ऐकू येतोय हितं."

धर्माजींनी रिसिव्हर ठेवला.

"कुणाचा व्हता?" गवराबाईंनी विचारलं.

"कोंडाच्या जावयाचा. अनिताला बोलव आधी. कोंडा तिच्याबद्दल काय म्हणाला, ते तिला माझ्या तोंडानं सांगू दे."