गोळीनं पळवलेलं माझं कौतुक

मी सामोआतल्या एका घरातली जुनी, पोचे पडलेली कढई आहे. मित्रांनो, आधीच सांगते, माझा स्वभाव मत्सरी आहे आणि एका औषधाच्या गोळीवर माझा भारी राग आहे.

घरची मालकीण लोसा, तिनं मला अपिया शहराच्या बाजारातून आणलं. अळूची पानं नारळाच्या दुधात शिजवावीत तर माझ्यातच. रविवारी चर्चमधून आलं की अख्खं घर माझ्याभोवती जमायचं.

मग लोसाची लेक मासिना उदास झाली. चटईवरून उठेना, घास घेईना. डॉक्टरीणबाईंनी गोळी दिली. हळूहळू मासिना उठली, शाळेत शिकवायला जाऊ लागली, दुप्पट जेवू लागली आणि अंगानंही भरली. लोसा सगळ्यांना सांगायची, "माझ्या कढईनं पोरीला उठवलं." मी फुशारून गेले.

पुढे डॉक्टरीणबाईंनी गोळी थोडी थोडी कमी करत बंद केली. तशी मासिनाची भूक उतरली, कपडे सैल झाले. म्हणजे ती भूक त्या गोळीची होती. नखाएवढी ती, आणि कौतुक तिचं! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

आमच्या गावात भरलं अंग म्हणजे सुखी माणूस. कुणी वाळलं की बोल घरच्यांना. शेजारची सेफिना म्हणालीच, "काय गं लोसा, लेकीला उपाशी ठेवतेस की काय?" त्या रविवारी लोसानं उरलेल्या गोळ्या कुटल्या आणि माझ्यात टाकायला घेतल्या. माझ्या पोटात माझीच सवत!

मासिनानं आईचा हात धरला. "आई, हे काय करतेस?"

"तू जेवत नाहीस गं. परत चटईला खिळलीस तर मी काय करू?"

"उदास वाटलं तर आधी तुलाच सांगेन. गोळी थांबल्यावर काहींची भूक अशी उतरते, म्हणाल्यात बाई. लक्ष आहे त्यांचं."

लोसानं ती पूड टाकून दिली आणि पान वाढलं. मासिना थोडंसंच, पण सावकाश जेवली. मग म्हणाली, "नारळाचं दूध करपलंय."

"रोजच करपतं. कढईचं बूड झिजलंय. इतके दिवस तू चकार शब्द काढला नाहीस."

"इतके दिवस नुसती गिळत होते."

लोसा हसली आणि डोळे पुसू लागली.

मित्रांनो, त्या गोळीनं मासिनाला उठवलं, हे जळत जळत का होईना, मला मान्य आहे. पण तुमच्या घरी कुणी कमी जेवलं, तर ताट भरण्याआधी त्याला बरं आहे का ते विचारा. आणि माझं बूड तेवढं कुणीतरी नीट करून आणा. आता घरात चव घेणारं माणूस आहे.