कोरडी पेटी

जंगएनं दोन्ही पेट्यांवरची फडकी एकदमच ओढली.

सहकारी संघाचे अधिकारी को साहेब वाकले. डाव्या पेटीतली संत्री शेवाळाच्या अर्कात बुडवून ठेवलेली, उजवीतली कोरडीच. अर्काचा गुण दिसला तर यंदा सगळ्या गावाचा माल संघ त्यात बुडवून बोटीनं धाडणार होता; गेल्या साली निम्मा माल वाटेतच बुरशीनं खाल्ला होता. उजवीकडे आता बुरशी माजलेली दिसायला हवी होती. पण दोन्हीकडची संत्री सारखीच टवटवीत.

फरक नाही म्हणजे गुण नाही, असा निर्वाळा देऊन साहेब गेले. जाताना चार संत्री खिशात घातली.

जंगएनं उजवीकडचं एक संत्रं नाकाशी धरलं. समुद्राचा वास आला. ती अंगणात गेली.

सासू मल्सुन काळ्या दगडांच्या गडग्यावर बुडी मारायचा पोशाख वाळत घालत होती. शेवाळ तिनंच समुद्रातून काढून आणलं होतं.

"आई, उजव्या पेटीला अर्क लावलात?"

"लावला. उरला होता."

"तिला लावायचा नव्हता. ती सडायला हवी होती."

"एकाच झाडाची फळं. एकीला न्हाऊ घालायचं आणि दुसरीनं बघत बसायचं? तिनं तुझं काय घोडं मारलंय?"

इथल्या बुडी मारणाऱ्या बायका किनाऱ्यालगतचं उथळ पाणी थकलेल्या म्हाताऱ्यांसाठी राखून ठेवतात. कुणी रिकाम्या हातानं परतायचं नाही. जिचा जन्म त्या पाण्यात गेला, तिला शास्त्र काय सांगणार?

जंगएनं अर्काचा टब घासला, दोन नव्या पेट्या भरायला घेतल्या आणि साहेबांना फोन लावला. ते परत यायला नाही म्हणाले, तेव्हा तिनं खिशातल्या चार संत्र्यांची चौकशी केली. ते येतो म्हणाले.

मल्सुन बराच वेळ बघत होती.

"कोरडी पेटी घरात नको ठेवूस. माझा हात राहायचा नाही."

"मग कुठं ठेवू?"

"मुनसोकच्या गोदामात. त्याच्या उंबऱ्याला मी मेले तरी पाय लावणार नाही."

मुनसोक मल्सुनचा धाकटा दीर. बागेच्या वाटण्या झाल्या तेव्हापासून तिनं त्याचं नावही घेतलं नव्हतं.

जंगएनं पेटी हातगाडीवर चढवली. गडग्याच्या वळणाशी पोचली, तोच मागून हाक आली.

"उन्हात ठेवू नकोस म्हणावं त्याला." मल्सुननं पोशाख पुन्हा झटकला. "आणि खोकला कसा आहे, विचार."