बॅजरचा ब्रश आणि दादाची हनुवटी

गेल्या वर्षी बॉक्सिंग संघाच्या निवडीच्या दिवशी बाबांनी दाढीच्या ब्रशला मारलं. मारलं म्हणजे खरोखर मारलं. घरी येऊन त्याला न्हाणीघराच्या फरशीवर आपटलं, बुटाच्या टाचेखाली घेतलं, त्याच्या मुठीचे तुकडे भिंतीवर उडाले तरी थांबले नाहीत. त्याचे राठ नायलॉनचे केस मोरीच्या जाळीत जाऊन बसले. ते उपसायला धाकट्या लेकीला, टाचणीला, हेअरपिन घेऊन तासभर उकिडवं बसावं लागलं.

ब्रशचा गुन्हा असा की दादाच्या हनुवटीवर कापलं होतं. बॉक्सिंगमध्ये नियम साधा. दाढी वाढलेली असेल तर रिंगमध्ये पाऊल ठेवायचं नाही, आणि चेहऱ्यावर ताजी जखम असेल तरीही नाही. स्पर्धेच्या डॉक्टरांनी अंगठ्याने दादाची हनुवटी वर केली, इंचभर लाल रेघ पाहिली आणि म्हणाले, "पुढचा." खेळ खल्लास! कारखान्याच्या संघातली जागा, तिच्यासोबतची नोकरी, राहायला खोली, सगळं त्या रेघेतून वाहून गेलं.

"राठ ब्रश!" बाबा महिनाभर गरजत होते. "फेस धड होत नाही, केस भिजत नाहीत, मग पातं अडकणार नाही तर काय!"

दादा तसाही कमीच बोलायचा. हाक मारली तर कधी ओ द्यायचा, कधी नाही. तंद्री लागते त्याला, असं घरात सगळे म्हणायचे.

टाचणी हे नाव तिला बाबांच्या हॉलमध्ये मिळालं होतं. गोदामामागच्या त्या हॉलमध्ये बाबा पोरांना बॉक्सिंग शिकवायचे आणि ही दहावीतली काडीपैलवान त्या पोरांच्या बरगड्यांत अशी काही टोचायची की भलेभले कण्हत बाकावर बसायचे. या वर्षी शाळांच्या स्पर्धेत तिने ओळीने तीन मुली लोळवल्या. तिसरीच्या नाकाचं हाड मोडलं तो आवाज टाचणीला अजून ऐकू यायचा, आणि खोटं कशाला बोला, बरा वाटायचा. तेव्हापासून ती दारातून आत येताना मान जरा खाली घालायची, जणू चौकटीला डोकं लागेल इतकी उंच झाली होती.

बक्षिसाचे पैसे घेऊन ती सरळ मोठ्या दुकानात गेली.

"दाढीचा ब्रश दाखवा. सगळ्यात चांगला."

दुकानदाराने तिच्या गुळगुळीत हनुवटीकडे पाहिलं. "कुणासाठी?"

"मिशा फुटल्यात मला. दाखवा हो."

त्याने मखमली डबी उघडली. "हे बॅजर नावाच्या प्राण्याचे केस. पाणी धरून ठेवतात. फेस असा येतो की चमचा उभा राहील. नायलॉनचं काय, तो नुसता गालावर झाडू."

किंमत जबरच होती, पण टाचणीने ते चेहऱ्यावर दिसू दिलं नाही. हेही तिला बाबांनीच शिकवलं होतं.

घरी मात्र बाबांचा भडका उडाला. "एवढे? ब्रशला? या पैशांत नवी बॅग आली असती ठोसे मारायला! मी कालच नवा नायलॉनचा आणलाय, मऊ बघून, याच्या विसाव्या हिश्शात." दादाने ती डबी उघडली आणि आत साप निघाल्यासारखी पटकन मिटली.

"थँक्यू म्हण की, दगडा," टाचणी म्हणाली.

"थँक्यू," दादा म्हणाला. फरशीला.

मग टाचणीने ठरवलं, भांडण नको, पुरावाच देऊ. रविवारी तिने दादाला खुर्चीत बसवलं. डाव्या गालाला बाबांचा स्वस्त ब्रश, उजव्याला बॅजर. साबण तोच, पाणी तेच, पातं नवं कोरं. बॅजरचा फेस काय सुंदर आला म्हणून सांगू! घट्ट, चकचकीत, नाकाच्या शेंड्यावर ठेवला तर हलेना. नायलॉनला चारदा जास्त घासावं लागलं, एवढंच. दाढी झाल्यावर बाबांनी डोळे मिटून दोन्ही गालांवर बोटं फिरवली, मग टाचणीने फिरवली. आणि तिचा चेहरा पडला. दोन्ही गाल सारखेच. तसूभर फरक नाही. ना कुठे ओरखडा, ना लाली.

"लाड आहेत हे, टाचणे!" बाबा मांडीवर थाप मारून हसले. "फेसाला फेस म्हणतात. पैसे गेले मोरीत!"

"मग गेल्या वर्षी कापलं कसं?" ती चिडून म्हणाली. "तेव्हाही नायलॉनच होता ना?"

बाबांचं हसू थांबलं. दोघांनी दादाकडे पाहिलं.

"हात हलला," दादा म्हणाला आणि घाईघाईने पुढे म्हणाला, "बॅजरच चांगलाय. मी तोच वापरीन."

टाचणीला जिंकल्यासारखं वाटलं. तिने पुढे विचारलं नाही.

या वर्षीच्या निवडीआधीचा तो आठवडा मारामारीचाच गेला. बाबा हातात पॅड चढवून दादासमोर उभे राहायचे आणि दादा त्यांच्यावर तुटून पडायचा. सरावाच्या एका पोराचा ओठ फाटला, दुसऱ्याचा दात निखळून दोरीपलीकडे पडला. दादाचा डावा हात कायम कानाशी चिकटलेला. बाबा अभिमानाने सगळ्यांना दाखवायचे, "बघा, याला म्हणतात बचाव!" चुकणाऱ्या पोराला मात्र ते तोंडाने सांगायचे नाहीत. पंजा उठायचा आणि फाडकन बसायचा, गालावर, मानेवर, जिथे सापडेल तिथे. हॉलमध्ये त्याचं कुणाला काही वाटायचं नाही. पंखा फिरतो तसा बाबांचा हात फिरायचा.

निवडीच्या सकाळी दादा बॅजरचा ब्रश घेऊन स्पर्धेच्या ठिकाणच्या प्रसाधनगृहात गेला आणि बाहेरच येईना. त्याची लढत बुलडोझर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बॉक्सरशी होती. बुलडोझर बाहेर भिंतीवर ठोसे मारत अंग गरम करत होता आणि भिंतीचं प्लास्टर पडत होतं. तपासणीसाठी नाव पुकारलं. पुन्हा पुकारलं. शेवटी टाचणी 'पुरुष' अशी पाटी असलेलं दार ढकलून आत घुसली.

"अगं ए!" कोपऱ्यातला एक गृहस्थ चेन ओढत ओरडला.

"बघत नाहीये मी, जा तुम्ही!"

तो पळाला. दादा आरशासमोर उभा होता. दाढी झालेली होती. लोण्यासारखा चेहरा, कुठे डागसुद्धा नाही. ब्रश धुऊन, झटकून कट्ट्यावर ठेवलेला. आणि दादाच्या दोन बोटांत रेझरमधून काढलेलं सुटं पातं होतं. त्याने हनुवटी वर उचलली होती आणि पात्याची धार जुन्या वणावर टेकवली होती.

"दादा!"

त्याने वळूनही पाहिलं नाही. तिने झडप घालून त्याचं मनगट धरलं.

"काय करतोयस?"

"सोड."

"गेल्या वर्षीपण तूच?"

दादाने नजर वळवली. झालं, उत्तर मिळालं.

टाचणीच्या डोक्यात लाल जाळ उठला. तिने त्याच्या पोटात एक हाणला, वरून बरगडीत दुसरा. "तीन मुलींचा मार खाल्लाय मी त्या ब्रशसाठी! घाबरट! बुलडोझरला घाबरलास!" दादाने तिला झटकलं तसं पातं तिच्या तळहातातून सर्रकन गेलं. आधी पांढरी रेघ दिसली, मग रक्त उसळलं. तिने त्याच हाताने त्याच्या तोंडावर मारलं. त्याने तिला धक्का दिला. तिचं कंबरडं बेसिनवर आदळलं, बेसिन भिंतीतून हललं. ती उसळून परत आली आणि जोराचा उजवा हूक फिरवला. दादाचा हात वर जायला उशीर झाला. ठोसा डाव्या कानावर बसला.

आणि दादा कोसळला. हा आडदांड माणूस, दहा ठोसे खाऊन हसणारा, ओल्या फरशीवर गुडघ्यांवर आला, भिंत चाचपडू लागला, भिंत सापडेना. डोळे गरगर फिरत होते. तो भडाभडा ओकला.

"दादा? नाटक करू नकोस हं."

"हळू बोल. नाही... या बाजूने ये." त्याने तिला उजवीकडे ओढलं. "तो कान मेलाय, टाचणे. ठोसा बसला की जमीनच उलटी होते."

"डॉक्टर?"

"दाखवला गुपचूप. म्हणाले, पुन्हा रिंगमध्ये गेलास तर उठशीलच असं नाही."

"मग सांगायचं ना बाबांना! हनुवटी कापत काय बसलास?"

दादाने डावा कान चोळला. आणि टाचणीला आठवलं. दीड वर्षापूर्वीचा सराव. दादाचा डावा हात खाली आला होता आणि बाबांनी पॅड काढून उघड्या पंजाने अशी सणसणीत दिली होती की दादा दोरीवर जाऊन पडला होता. ती बाजूला दोरीवरच्या उड्या मारत होती. ती हसली होती. "बसली का मस्त?" असंही म्हणाली होती.

दार धाडकन उघडलं. बाबा!

रक्त, ओकारी, हललेलं बेसिन. त्यांनी एकच गोष्ट पाहिली. दादाला कॉलर धरून उठवलं, हनुवटी बोटांत पकडली आणि चेहरा उजवीकडे वळवला, डावीकडे वळवला. कुठेही कापलेलं नव्हतं. रक्त होतं ते टाचणीचं. त्यांनी ते रुमालाने पुसून टाकलं.

"वा!" बाबांचा चेहरा उजळला. "टाचणे, मानलं तुला. झाला बरं का तुझा ब्रश वसूल! चल रे, तोंड धू. नाव पुकारतायत."

किती दिवस तिला हे वाक्य ऐकायचं होतं. आता ते कानात शिशासारखं पडलं.

"नाही झाला वसूल," ती म्हणाली. "बाबा, त्याला डाव्या कानाने ऐकू येत नाही."

"काय?"

"टाचणे, गप," दादा म्हणाला.

"बहिरा आहे तो त्या बाजूने. आज लढला तर मरेल."

"लढायची भीती वाटते म्हणून सोंग काढलंय याने!" बाबांच्या मानेवरची शीर तटतटली. "आणि तू त्याला सामील? कान गेला म्हणे! कुणी घालवला? नाव सांग, त्याचे हात उखडतो!" आणि बोलता बोलता त्यांचा पंजा नेहमीसारखा वर उठला.

दादाने अंग चोरलं. बॉक्सरसारखं नाही. लहान पोरासारखं डोकं खांद्यात घालून दोन्ही तळहातांनी त्याने डावा कान झाकला आणि डोळे घट्ट मिटले.

टाचणी मध्ये उभी राहिली. बाबांचं मनगट तिने हवेतच धरलं. तिच्या तळहातातलं रक्त त्यांच्या बाहीत उतरत गेलं. "याच हाताने," ती म्हणाली. "मारायचंय तर मला मारा. मी परत मारीन."

बाबांनी हात सोडवून घेतला नाही. ते दादाकडे पाहत राहिले. तो अजून कान झाकून, डोळे मिटून उभा होता, मार यायची वाट पाहत. बाहेर तिसऱ्यांदा नाव पुकारलं. बाबांचा चेहरा असा झाला की पोटात ठोसा बसलेली माणसंही बरी दिसतात.

मग त्यांनी दादाचे हात कानावरून हळूच खाली घेतले आणि त्याला धरून बाहेर नेलं. रिंगकडे नाही. डॉक्टरांच्या टेबलाकडे.

"याचा कान बघा," बाबा म्हणाले.

डॉक्टरांनी बारीक दिवा लावून आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग यादीतल्या दादाच्या नावावर आडवी रेघ ओढली. मागे बुलडोझर कुणाला तरी विचारत होता, "म्हणजे मी जिंकलो का?"

"पडदा फाटलाय," डॉक्टर म्हणाले. "कधीचं आहे? कुठल्या लढतीत?"

दादाने तोंड उघडलं. त्याच्या ओठांवर काहीतरी तयार होतं, ते टाचणीला दिसलं. पायऱ्यांवरून पडलो, असलंच काहीतरी.

"लढतीत नाही," बाबा त्याच्या आधी बोलले. "दीड वर्ष झालं. मी मारलं."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. बाबांनी उजवा हात पालथा टेबलावर ठेवला, मग उताणा केला, जणू आता तपासायचा तो हाच आहे. टाचणीने त्याच्या शेजारी आपला हात ठेवला. टाके तर तिच्याच तळहाताला घालायचे होते.