खिडकीजवळचा खिळा

आमच्या धंद्यातल्या पट्ट्या खोटं बोलतात, आणि त्यांनी बोललंच पाहिजे. वितळलेला धातू थंड होताना आखडतो, म्हणून ज्यावरून साचा घ्यायचा तो लाकडी नमुना मुळातच मोठा करावा लागतो. किती मोठा, ते पट्टीतच धरलेलं असतं. लोखंडाची पट्टी शंभराला एक वाढवते, पोलादाची दोन. नुसत्या डोळ्यांना दोन्ही सारख्याच दिसतात. कोपऱ्यात बारीक अक्षरांत धातूचं नाव कोरलेलं असतं तेवढंच.

मी आणि दादा, सख्खे भाऊ, तेवीस वर्षं एकाच खोलीत समोरासमोरच्या बाकांवर हे नमुने करतोय. बोलणं बेताचंच. दादाचं माप कधी केसभरही चुकलं नाही, आणि हे मला ऐकवायला तो कधी विसरला नाही.

त्या आठवड्यात त्यानं पंपाच्या कवचाचा नमुना पुरा केला. लोखंडी काम होतं. पोचवण्याआधी मी साध्या टेपनं मापून बघतो, ती माझी खोड. ड्रॉइंगवर सहाशे मिलिमीटर, म्हणजे नमुना सहाशे सहा भरायला हवा होता. भरलं सहाशे बारा. मी टेप पुसली, पुन्हा लावली. सहाशे बारा. त्यानं सबंध नमुना पोलादाच्या पट्टीनं केला होता. तीन आठवड्यांची मेहनत पाण्यात.

माझं डोकंच फिरलं. ओतशाळेच्या फोरमनला आता काय सांगू, नवशिकाही अशी चूक करत नाही, असं बरंच काही बोललो. दादा उठला, भिंतीवरची पट्टी काढली, तिच्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला आणि होती तिथं परत अडकवली. तो काहीच बोलत नाही म्हणून मला आणखी चेव आला.

"बास कर आता, दादा," मी म्हणालो. "तुला नाही झेपत हे."

त्यानं ॲप्रन काढून घडी घातली, बाकावर ठेवली आणि घरी गेला. दुसऱ्या दिवशी आला नाही. तिसऱ्या दिवशी वहिनीचा फोन आला. म्हणाली, ते खुर्ची दाराकडे करून बसून असतात, जेवा म्हटलं की जेवतात, आणि या माणसाला दुसरं काही करता येत असतं तर मी काळजी केली नसती. मी म्हटलं, विश्रांती घेऊ दे त्याला. बोलायला माझं काय जातंय.

नमुना मी नव्यानं करायला घेतला. लाकूड रंधून सपाट झालं, आता आखायचं, म्हणून ड्रॉइंगवर नजर ठेवूनच हात मागे नेला आणि खिडकीजवळच्या खिळ्यावरची पट्टी काढली. लोखंडाची पट्टी तिथंच असते. पेन्सिल टेकवणार तेवढ्यात कोपऱ्यातलं नाव दिसलं. पोलाद.

मी स्टुलावर बसलो. महिन्यापूर्वी मीच भिंत रंगवली होती. रंग वाळल्यावर पट्ट्या अडकवताना मला शहाणपण सुचलं, की त्या क्रमानं लावाव्यात, कमी वाढीची आधी, जास्त वाढीची शेवटी. लोखंड गेलं दाराकडे, पोलाद आलं खिडकीशी. किती नीटनेटकं दिसतं म्हणून स्वतःवर खूशही झालो होतो. दादाला सांगायचं राहून गेलं. मला लाज वाटली, आणि ती काही केल्या जाईना.

पट्ट्या जुन्या जागी लावल्या आणि तसाच त्याच्या घरी गेलो. वहिनीनं दार उघडलं, काही न विचारता आत गेली. दादा खुर्चीतच होता. मी सगळं एका दमात सांगून टाकलं. म्हटलं, चूक माझी होती, आणि तोंड मी तुझ्यावर सोडलं.

"खिळे बदललेत ते मला सहाशे बारा ऐकलं तेव्हाच कळलं," तो म्हणाला.

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर तू विचारलं असतंस, पट्टीवरचं नाव वाचता येत नाही का." त्यानं चष्मा काढून मांडीवर ठेवला. "नाही येत. दोन वर्षं झाली. चष्मा बदलून बघितला, काही उपयोग नाही. ड्रॉइंगचे मोठे आकडे दिसतात, रेघा बोटांना कळतात. नाव नाही वाचता येत."

दोन वर्षं मी त्याच्या समोर बसत होतो. म्हटलं, उद्यापासून ये. तो म्हणाला, बघू.

चार दिवस त्यानं मला वाट बघायला लावली. तो दादाच, सुखासुखी थोडाच येणार. पाचव्या दिवशी आला, ॲप्रनची घडी मोडली, माझ्या नव्या नमुन्यावरून तळहात फिरवला आणि एका जागी रंधा मारायचा राहिलाय म्हणून मला सुनावलं. जागा बरोबर होती.

मग त्यानं खिडकीजवळच्या खिळ्यावरची पट्टी काढली. बाकाकडे वळला, थबकला, आणि ती माझ्यापुढे धरली.

"वाच," म्हणाला.

"लोखंड."

"नीट बघून सांग."

मी पट्टी उजेडात धरून पुन्हा वाचलं. त्यानं ती घेतली, पेन्सिल कानावरून काढली आणि आखायला लागला.