कोमल गंधार, काळी पाच

सुकेशनीने पाठवलेली चाल लिंबाजीने पहिल्यांदा ऐकली ती घड्याळ पुढ्यात ठेवून. तीन मिनिटं चाळीस सेकंद. मिनिटाला नव्वद मात्रा, तिना-तिनाच्या गटात. सूर पेटीची पांढरी दोन. साठेक वादकांचा विलायती ताफा, त्यात निम्मी व्हायोलिनं. सेलूतल्या लिंबाजीच्या बँडमध्ये माणसं नऊ, आणि व्हायोलिन एकही नाही.

"वॉल्ट्झ म्हणतात त्याला, काका," गल्लीतच लहानाची मोठी झालेली सुकेशनी फोनवर म्हणाली होती. "लग्नात मी आत येताना हीच पाहिजे. नवरदेवाचा भाऊ धम्मानंद स्पीकर लावतो म्हणायलाय. पण मला तुमचा बँड पाहिजे. गुरुवारी ऐकायला येते."

लिंबाजीने लगेच हो म्हटलं. गेली चार वर्षं बँडचं काम मंगल कार्यालयाच्या फाटकाशीच संपत होतं. वाजवत यायचं आणि फाटकातून परत फिरायचं. आत स्पीकर. एकदा तरी आत वाजवायचं, हे त्याने मनाशी धरलं होतं.

त्याने सूर काळी पाचवर आणला. ट्रंपेटं आणि क्लॅरिनेट तिथं मोकळी बोलतात. व्हायोलिनांची चाल स्वतःच्या क्लॅरिनेटवर घेतली.

"मास्तर, हा तर दादराच हाय," साइड ड्रमवाला महारुद्र म्हणाला.

"असू दे. ठेका धरू नको. पहिल्या मात्रेवर ये, पुढच्या दोन नुस्त्या टेकव. अन् वरातीवानी पळू नको."

मधे चाळीसेक सेकंद गंधार कोमल होत होता, चालीवर सावली पडल्यासारखं व्हायचं. तेवढा गंधार लिंबाजीने शुद्ध करून टाकला. कोमल सूर पाठवणीचा, लग्न लागायच्या आधी तो लावायचा नाही, हा त्याच्या बापापासूनचा नियम. कुणी वाद घातला नाही.

गुरुवारी सुकेशनी आली. नांदेडला दवाखान्यात ती फिजिओथेरपिस्ट होती. बँड सुरू झाला तसा तिचा पाय ताल धरू लागला. मध्यावर तो थांबला.

"काका, मधलं कुठं गेलं?"

"कोणतं?"

"डोळे भरून येतात ते."

महारुद्र ड्रमची दोरी आवळू लागला.

"ते म्या काढलं, बाई. मंगल कार्य हाय. तसलं पाठवणीलाच वाजवायचं असतंय."

"माझ्याकडं पाय मोडलेली माणसं येतात, काका. ह्याच चालीवर मी त्यांना चालायला शिकवते. मधलं आलं की समदे बिचकतात. तिथून पहिली चाल परत लागली की हसतात. तुमी समदंच हसरं केलं, मग हसायचं कधी?"

लिंबाजीने क्लॅरिनेट मांडीवर ठेवलं.

"शनिवारी फोन करा," ती उठत म्हणाली. "मधलं बसलं तर तुमी. न्हाई तर मग स्पीकर."

दोन दिवस हाती होते. पण बोटांना शुद्ध गंधाराची सवय लागली होती. लिंबाजी कोमल लावायचा आणि शेजारी मुंजाजीचं पितळी युफोनियम शुद्धावर जाऊन बसायचं. ऐकणाऱ्याचे दात आंबत.

"मुंजाजी, एवढा का हसायलास?"

"शुभकार्याची सवय हाय, मास्तर."

"उंद्या शुभकार्य फाटकाबाहेरून बघशील मग."

त्यानंतर मुंजाजीचा गंधार जागेवर आला. शनिवारी त्यांनी पूर्ण चाल फोनवरच वाजवून दाखवली.

"काका, आतमधी. अकराला," ती म्हणाली. आवाज ओला होता.

रविवारी नवरदेव स्पीकरवरच्या गाण्यात आत आला. मग दारात सुकेशनी उभी राहिली, पांढऱ्या साडीत, वडिलांचा, सिद्धोधनचा हात धरून. लिंबाजीने मान हलवली. नऊ जण पहिल्यांदाच छपराखाली वाजवत होते; पितळेचा आवाज भिंतींना लागून दुपटीने परत येत होता. त्याने हात खाली दाबून सगळ्यांना हळू केलं.

मधला भाग लागला तेव्हा ती पहिल्या रांगेपाशी पोचली होती. तिथं तिची आजी सुलाबाई बसलेली. सुकेशनी पाया पडायला वाकली आणि म्हातारीने तिचा हात जो धरला तो सोडेचना. इकडे मधला भाग संपत आला. शेवटचा कोमल गंधार.

लिंबाजीने तो धरून ठेवला. महारुद्रच्या काड्या हवेतच राहिल्या. मुंजाजी लाल झाला, मग जांभळा. नातीच्या गालावरून हात फिरवत सुलाबाई काहीबाही सांगतच होती.

"जाय आता," शेवटी ती मोठ्याने म्हणाली. "वाजविणाराचा जीव जाईल माय!"

सगळं कार्यालय हसलं. सुकेशनी डोळे पुसत, हसत सरळ झाली. तिचा पाय उचलला तसा लिंबाजीने सूर सोडला आणि पहिली चाल लागली, त्याच नव्वद मात्रांत. लोक टाळ्या वाजवू लागले. कुणी दोनात, कुणी तिनात, पण महारुद्र पळाला नाही.

चाल संपली तेव्हा धम्मानंद लिंबाजीजवळ आला.

"मास्तर, आमचा दादा स्पीकरवर आला. तो लय फिका पडला बघा. स्पीकर काय असा थांबला नसता. दादाला पुन्हा एकदा आणू का?"

लिंबाजीने लग्न लावायला आलेल्या भंतेजींकडे पाहिलं. त्यांनी घड्याळ बघितलं आणि हसून मान डोलावली.

"आणा की. पण मधलं गाळून न्हाई, पुरी वाजविणार."

नवरदेवाला वऱ्हाडातल्या दोघांनी धरून फाटकाकडे नेलं. मुंजाजी घटाघटा पाणी प्याला आणि त्याने युफोनियम पुन्हा तोंडाला लावलं.