अंगाईची तळटीप

माझी बायको जाऊन अजून वर्ष व्हायचं आहे. आजारपणात तिनं एक अंगाई म्हटली, ती मी फोनवर रेकॉर्ड केली होती. आमची लेक अंगाईगीतांवर प्रबंध लिहिते आहे, तिच्यासाठी. लेकीला ते रेकॉर्डिंग मी दिलं, पण सुरुवातीचा थोडा भाग कापून.

लेक लॅपटॉप घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसली होती. म्हणाली, "बाबा, गाण्याचा संदर्भ पुस्तकासारखा नसतो. रचलं कुणी, म्हटलं कुणी, रेकॉर्ड कुणी केलं, तिन्ही वेगळं द्यावं लागतं."

"रेकॉर्ड मी केलं. म्हटलं तुझ्या आईनं."

"आणि रचलं?"

"तिनंच."

"नक्की?"

"स्टॅम्पपेपरवर लिहून देऊ?"

"चिडता काय! दार लागलंय का ते दोनदा बघितल्याशिवाय तुम्ही तरी लिफ्ट सोडता का?"

मी लिफ्टची दुरुस्ती करतो. मी हसलो आणि तिनं आईचं नाव दोन्हीकडे लिहिलं.

पुढच्या आठवड्यात तिला स्कूटरवरून कॉलेजात सोडायला गेलो, तर तिच्या मार्गदर्शक बाईंनी मलाही आत बोलावलं. चष्मा कपाळावर ढकलून त्यांनी कागदावरच्या दोन ओळी वाचल्या.

"'झोप गं चिमणे, उतरलं ऊन, आई येईल आता कामावरून.' काका, आईनंच मांडीवर घेऊन हे रचलं असेल, तर 'आई येईल' असं का म्हणेल ती? ती तर तिथंच आहे."

मी स्कूटरची किल्ली खिशात टाकली.

"शिवाय पहिला शब्द अर्धाच ऐकू येतो. रेकॉर्डिंग कापलंय का?"

"नाही मॅडम," लेक पटकन म्हणाली. "बाबांनी दिलंय ना. ते खोटं नाही बोलणार."

टेबलावर एक पेन होतं, त्याच्याकडे बघत राहिलो.

"मूळ रेकॉर्डिंग आणा," बाई म्हणाल्या. "ग्रंथालयात तेच जमा होतं. ते नसेल तर हे प्रकरण प्रबंधातून काढावं लागेल. मी सही करणार नाही."

जिना उतरताना लेकच माझी समजूत घालायला लागली. "मनावर घेऊ नका. त्यांना सगळ्यांचाच संशय येतो. मूळ प्रत फोनमध्ये असेलच ना?"

ती रागावली असती तर बरं झालं असतं. स्कूटरपाशी आल्यावर मी फोन काढला आणि तिला सगळं ऐकवलं.

आधी खोकला. बराच वेळ. मग बायकोचा आवाज. "अहो, थांबा. आधी हे ऐका. गाणं जाऊबाईंनी रचलंय. मी कारखान्यात जायचे तेव्हा पोरीला त्याच सांभाळायच्या. पोरीला सांगा, त्यांचं नाव घाल. आणि तुम्ही तोंड वाकडं करू नका." त्यानंतर गाणं.

जाऊबाई म्हणजे माझी वहिनी, लेकीची काकू. घराच्या वाटणीवरून आमचं फाटलं, तेव्हापासून मी त्यांच्याशी बोलत नव्हतो.

लेकीनं डोळे पुसले. "आईचा खोकला लोकांनी ऐकू नये म्हणून कापलंत ना?"

तिनं मला सुटायला वाट करून दिली होती. अर्धं खरंही होतं ते. तो खोकला अजून मला ऐकवत नाही. पण खोकला आधी होता आणि बोलणं नंतर. खोकला तेवढाच कापता आला असता.

"नाही," मी म्हणालो. "काकूच्या नावासाठी कापलं."

ती जिन्याकडे वळली. मग म्हणाली, "आत्ता तिथं मी तुमच्या बाजूनं बोलले, बाबा."

आम्ही परत वर गेलो. बाईंना मीच सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "रचणाऱ्या बाई हयात आहेत? मग त्यांची परवानगी आणा. आणि आधीची प्रत कापलेली होती, तेही टिपेत द्या."

वहिनींनी दार उघडलं. "या भाऊजी. वाट चुकलात का?"

काय झालं ते मी उभ्यानंच सांगितलं. लेकीनं रेकॉर्डिंग लावलं. खोकला सुरू झाला तशी वहिनींनी खुर्चीची पाठ धरली. "तोंड वाकडं करू नका" ऐकून त्यांना हसू आलं आणि त्या रडायलाच लागल्या. गाणं संपल्यावर पदरानं तोंड पुसून माझ्याकडे वळल्या.

"भाऊजी, घराची वाटणी झाली ती झाली. गाणंसुद्धा तुमच्याच वाट्याला घेतलंत होय?"

"चुकलो," म्हणालो.

"माझं नाव घाल गं," त्या लेकीला म्हणाल्या. "चांगलं ठळक घाल."

लेकीनं तिथंच लॅपटॉप उघडला. रचना, वहिनींचं नाव. गायन, माझ्या बायकोचं. मग बोटं थांबली.

"माझं गाळता येईल का?" मी विचारलं.

"नाही. रेकॉर्ड करणाऱ्याचं लागतंच. आणि आधीची प्रत कापलेली होती, हेही टिपेत द्यायला हवं. मॅडमनी सांगितलंय." ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "कुणी कापली ते लिहायची सक्ती नाही."

"लिही," मी म्हणालो.

तिनं लिहिलं. मी जायला उठलो, तर वहिनी आतून ओरडल्या, "चहा टाकलाय. बसा."

मी बसलो. मान वर करवेना.